दिवेलागणीला घरात असलेले मुलगे

डिसेंबर १९४३. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना रंगला होता. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. समोरचा ‘रेस्ट’ संघ हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन यांपैकी कुणातच न बसणाऱ्यांचा होता. त्यात भारतीय ख्रिस्ती आले, ज्यू आले. हा संघ १३३ धावांत आटोपला. फॉलोऑननंतरही निम्मे गडी स्वस्तात परतले आणि मग दोन सख्खे भाऊ खेळपट्टीवर एकत्र आले. विजय हजारे आणि विवेक हजारे. दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेकच्या धावा होत्या २१. एक भाऊ धावा काढत राहिला आणि दुसरा तासन्‌तास नुसता टिकून राहिला, एवढ्याचसाठी की पहिल्याला समोर कुणीतरी हवं होतं. रेस्टच्या ३८७ धावांत एकट्या विजयच्या ३०९ होत्या. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच.

क्रिकेटच्या पुस्तकांत ३०९ धावांचं कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. या लेखाला मात्र त्या २१ धावा अधिक जवळच्या वाटतात. सांगलीच्या एका शाळामास्तरांच्या मराठी ख्रिस्ती घरातली ही मुलं. विजय आठ भावंडांपैकी एक. पुढे १९४८ साली ॲडलेडच्या एकाच कसोटीत दोन शतकं ठोकणारा, १९५२ साली मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारा हा कर्णधार आयुष्यभर अबोल म्हणूनच ओळखला गेला. घरामुळे माणूस असा घडला, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मास्तरांच्या पगारात आठ मुलं वाढतात, तिथे ताटापासून पुस्तकापर्यंत प्रत्येक गोष्टीत पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, हे सांगायला इतिहासाचा दाखला लागत नाही.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मुलगे कसे वाढतात, हा या लेखाचा विषय. ही घरं एका साच्यातली नाहीत. वसईचा वाडीवाला कॅथलिक, मुंबईच्या गावठाणातला ईस्ट इंडियन कॅथलिक, अहमदनगर-जालन्याकडचा प्रोटेस्टंट आणि गोव्याच्या सासष्टीतला गोंयकार यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, चर्चही बऱ्याचदा वेगळं. तरीही या सगळ्या घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सारखी राहिली: दिवेलागणीला मुलगा घरात असायचा. खेळ कितीही रंगात आलेला असो, चर्चची संध्याकाळची घंटा झाली की बॅट काखोटीला मारून त्याने घर गाठायचं. घरात त्याची वाट पाहिली जायची, कारण संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच्या वाट्याचं काम ठरलेलं असायचं.

कॅथलिक घरात हा तास जपमाळेचा. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली फळीवर मारियामातेची मूर्ती, मेणबत्ती, कुंडीतून खुडलेली चार फुलं. म्हातारी माणसं खुर्चीत, बाकीचे चटईवर. जपमाळेत पाच दशकं असतात. दर दशकात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहादा ‘नमो मारिया’. वाराप्रमाणे आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत प्रकाशाची रहस्यं घातली. एकेक दशक घरातल्या एकेकाच्या वाट्याला येतं. सहा-सात वर्षांच्या मुलालाही ते मिळतं. तो सुरुवात करणार आणि आजोबांसकट सगळं घर त्याच्यामागून म्हणणार. मधेच त्याचं बोट मण्यावरून घसरतं, सात झाले की आठ याचा घोटाळा होतो आणि तो नेमका धाकट्या भावाने पकडलेला असतो. मग कोपराने ढोसणं, दाबलेलं हसू, आईची एक नजर. प्रार्थना पुढे सरकते.

प्रोटेस्टंट घरात जपमाळ नाही. तिथे कौटुंबिक उपासना असते: पवित्र शास्त्रातला एक अध्याय, प्रत्येकाने आळीपाळीने वाचलेली वचनं, एखादं गीत आणि शेवटी प्रार्थना. ही प्रार्थना पाठ केलेली चालत नाही. मुलाने आपल्याच शब्दांत बोलायचं. दिवसभरात काय चांगलं झालं, कुणासाठी मागायचं आहे, काय चुकलं, हे सगळं मोठ्यांदेखत, डोळे मिटून. गणिताच्या पेपरची धास्ती, शेजारच्या काकूंचं ऑपरेशन आणि हरवलेलं मांजर एकाच प्रार्थनेत येतं, आणि कुणी हसत नाही.

एरवी आपल्याकडे मुलगा घरात बोलतो तो मागायला नाहीतर भांडायला. आपली भीती घरच्यांसमोर मोठ्याने सांगण्याची सवय मुलग्यांना लावली जात नाही, आणि पुढे चाळिशीत हाच माणूस बायकोशीही बोलत नाही म्हणून आपण हळहळतो. या घरांनी त्यासाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवला. धर्म बाजूला ठेवून पाहिलं तरी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

अहमदनगरच्या एका घराबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण त्या घराइतकं लख्ख लिहून ठेवलेलं ख्रिस्ती घर मराठीत दुसरं नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू त्यांच्यासोबत नव्हते. पुढची काही वर्षं हे कुटुंब दुभंगलेलंच होतं. मुलगा आईजवळ, सोवळ्याओवळ्यात. बाप नगरला, मिशनच्या कामात. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही एका दमात ख्रिस्ती होऊन नव्हे. आधी त्यांनी आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवलं. मग एकेक बंधन स्वतःशी विचार करून सोडलं आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे दत्तूने लहानपणी एकाच घरात दोन चुली पाहिल्या, आणि आपली आई कुणाच्याही दडपणाखाली न येता एक चूल विझवते आहे, हेही पाहिलं. मुलग्याच्या वाढीत हे पाहणं किती मोलाचं असतं, हे सांगायला नकोच.

टिळकांच्या हाताला पैसा टिकत नसे. दारात आलेल्याला देऊन टाकायचं, आणि आपल्या घरात उद्या काय, हा प्रश्न लक्ष्मीबाईंवर सोडायचा. यावरून नवराबायकोत कडाक्याची भांडणं होत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ती लपवलेली नाहीत. त्यातच घरात मुलांची भरती. गरीब विद्यार्थी, पोरकी मुलं, कुणाकुणाची पाठवलेली. सख्खी आणि आणलेली यांत ताटं वेगळी नव्हती.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे राहायला आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळालं, टिळकांनी त्याला जवळ केलं आणि पुढे तो नगरला त्यांच्याकडे येऊन राहिला. तो ब्राह्मणाचा मुलगा आणि अखेरपर्यंत हिंदूच. टिळक मिशनचे, धर्मप्रसाराची नोकरी करणारे. तरी या मुलाचा धर्म त्या घरात टिकून राहिला आणि त्याच्या कविताही. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा एका ख्रिस्ती घरातला मुलगा गेला होता. पुढच्याच वर्षी ९ मे १९१९ला टिळकही गेले.

दत्तूचं पुढे काय झालं? देवदत्त नारायण टिळक या नावाने तो लेखक-संपादक झाला. आईने आपल्या आठवणी लिहाव्यात म्हणून मागे लागला. आयुष्य सरत आलं असताना लक्ष्मीबाईंनी लिहिलेलं ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागांनी प्रसिद्ध झालं ते त्याच्या हाताखालून जाऊन. नंतर नातू अशोक टिळक यांनी आजीच्या मजकुराची संपादित आवृत्ती सिद्ध केली. बाप मोठा कवी. त्याच्या कवितांचा सांभाळ मुलाने केला, यात नवल नाही. आईचं लिखाण साहित्य आहे हे ओळखून त्यासाठी राबणारा मुलगा त्या काळात किती घरांत होता? टिळक अपुरं सोडून गेले ते ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे लक्ष्मीबाईंनीच नेटाने लिहून काढलं. बाईमाणसाचं काम म्हणून काही वेगळं असतं, ही कल्पना त्या घरात वाढलेल्या मुलाच्या डोक्यात रुजायला जागाच नव्हती.

टिळकांनी आणखी एक केलं. इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं म्हणणाऱ्या मराठी मंडळ्यांना त्यांनी अभंग आणि ओवी दिली, कीर्तन दिलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यामुळे नगरकडच्या ख्रिस्ती मुलाच्या कानावर पेटीबरोबर टाळ-मृदंगही पडला. या मातीतच शाहू मोडक जन्मले, १९१८ साली, नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये १९३२ साली ते कृष्ण झाले तेव्हा पोरसवदा होते. १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. त्यानंतर पडद्यावर कृष्ण म्हटलं की कित्येक वर्षं लोकांना शाहू मोडकच आठवत. नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला ज्ञानेश्वरांची भाषा बोलताना कुठे अडखळायला झालं नाही.

गोव्यात संध्याकाळच्या तासाला संगीताची जोड मिळाली. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून गावोगाव शाळा होत्या आणि त्यांत मुलांना धर्मशिक्षणासोबत स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. गरीब घरातल्या मुलालाही नोटेशन येई. ख्रिस्ती गोव्याने आपल्या मुलग्यांना दिलेला हा हुंडा मुंबईच्या सिनेमाने भरभरून वापरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९२७ साली जन्मले. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख. घर आणि चर्च यांच्यामधल्या अंतरातच मुलाचं शिक्षण झालं. पुढे मुंबईत त्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव घराघरांत पोचलं ती शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना होती.

मुलगा घर सोडून मुंबईला आला तरी तो तास त्याचा पिच्छा सोडत नसे. धोबीतलाव, गिरगाव परिसरात गोव्याच्या गावांनी आपापली कुडं काढली: एकेका गावाच्या मंडळींसाठी भाड्याच्या खोल्या. बोटीवर चढण्याआधी, नोकरी शोधताना, सुट्टीवर आलेला खलाशी तिथे उतरे. ट्रंकांच्या रांगा, जमिनीवर अंथरलेली गादी आणि भिंतीशी गावच्या संताची वेदी. रात्री जपमाळेला हजर राहायचं हा कुडाचा नियम. अठराव्या वर्षी आईपासून तुटलेल्या पोराला परक्या शहरात वाईट नादापासून वाचवण्याचा याहून साधा आणि स्वस्त उपाय कुणाला सुचला असता असं वाटत नाही. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशी कुडं आजही आहेत.

आणि आता वसई.

वसईच्या पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, नंदाखाल, गास, गिरीज, भुईगाव, सांडोर, माणिकपूर या गावांत, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली घरं आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. ही घरं आपली भाषा, आपली वाडी आणि आपला धर्म धरून इथेच राहिली. आडनावं डिमेलो, डाबरे, परेरा, तुस्कानो. यांतल्या अनेक घरांतली बोली सामवेदी, म्हणजेच कादोडी. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, भाषा मराठी; पूर्वी शाळेचीही. याच मातीतला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकला, कोवळ्या वयात जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संत म्हणून घोषित केलं गेलं. वसईच्या मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगतात, तेव्हा ती दूर देशाची राहत नाही. हा संत त्याच्याच गावचा.

इथल्या मुलाची वाढ चर्चच्या पायऱ्यांनी मोजली जाते. तान्हेपणी स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा; तिथेच धर्ममाता-धर्मपिता ठरतात आणि पुढे मुलाच्या परीक्षेपासून लग्नापर्यंत त्यांचा हक्काचा शब्द असतो. रविवारी मिस्सा आणि तिला जोडून धर्मशिक्षण. मग आठ-नऊ वर्षांच्या आसपास प्रथम ख्रिस्तप्रसाद. १९१० साली पोप दहावे पायस यांनी मुलांचं वय अलीकडे आणलं, तोवर मुलांना बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबावं लागे. पांढरे कपडे, मेणबत्ती, फोटो, जेवणावळ. पण त्या दिवसाआधी एक अवघड दिवस येतो, पहिल्या पापनिवेदनाचा. धर्मगुरूंसमोर गुडघे टेकून आपण काय वाईट वागलो ते सांगायचं. आदल्या रात्री भाऊ भावाला विचारतो, तू काय सांगणार? यादी लहानच असते: भावाला मारलं, आईशी खोटं बोललो, शेजारच्यांच्या वाडीतले पेरू पाडले. यादीतला एक भाऊ दुसऱ्या खोलीत असतो आणि त्याच्या यादीतही हाच असतो.

‘चुकलं माझं’ हे सबबी न सांगता म्हणायला आठव्या वर्षी शिकलेला मुलगा, हा मला या घरांचा सगळ्यात मोठा ठेवा वाटतो. दारामागे कुणी ऐकत नाही, मार बसत नाही, आणि बाहेर आल्यावर ती गोष्ट संपलेली असते. शिक्षेपेक्षा हे शिक्षण मुलाला जास्त पुढे नेतं.

मार मात्र घरात असायचाच. नीतिसूत्रांतल्या छडीच्या वचनांचा आधार घेऊन मुलांना फोडून काढणारे बाप या समाजातही होऊन गेले आणि अजून पुरते संपलेले नाहीत. त्याच पवित्र शास्त्रात पौलाने बापांना बजावलं आहे की मुलांना चिडीला आणू नका. पण ते पत्र रविवारी वाचलं जायचं आणि सोमवारी विसरलं जायचं. देवाचं नाव घेऊन उगारलेली छडी मुलाच्या मनात देवालाच छडी देते. या बाबतीत आजची पिढी आधीच्यांपेक्षा नक्कीच शहाणी झाली आहे आणि त्याबद्दल तिला मनापासून दाद दिली पाहिजे.

वसईच्या घराची आणखी एक रीत म्हणजे एखादा मुलगा चर्चला देणं. नंदाखालच्या शेतकरी घरातून गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत गेलेले फ्रान्सिस दिब्रिटो १९७२ साली धर्मगुरू झाले. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं चालवलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डरांच्या दहशतीविरुद्ध रस्त्यावर उतरले, बायबल सुबोध मराठीत आणलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा वारकऱ्यांपासून समाजवाद्यांपर्यंत सगळे हळहळले. आईबापाच्या घरी संध्याकाळी मराठीत केलेली प्रार्थना ही त्या माणसाच्या मराठीची पहिली शाळा.

ही शाळा आता अडचणीत आहे. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली त्याच्या कितीतरी आधीच वाड्यांवर इमारती चढू लागल्या होत्या. केळी, पानवेली, फुलं आणि भाजी यांवर चालणारं घर लोकलवर चालू लागलं. सकाळी बाप चर्चगेटला, आई अंधेरीला. संध्याकाळी विरार लोकलमधून उतरून, रिक्षाच्या रांगेतून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मुलगा क्लासला. प्रार्थनेचा तास साडेनऊवर जातो, मग रविवारवर. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, त्यामुळे आजी ज्या मराठीत प्रार्थना करते ती नातवाला म्हणता येते, वाचता येत नाही. कादोडी तर फक्त आजीशी बोलायची. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात मारियामातेची मूर्ती शेजारपाजारच्या घरोघरी फिरते आणि तेवढ्यापुरती सगळी मुलं पुन्हा चटईवर दिसतात. करोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर चर्चेस बंद होती, मिस्सा मोबाइलवर आली आणि कित्येक घरांत रोजचा तास आपोआप परतला. टाळेबंदी उठली तशी लोकलही परतली.

यात केवळ काळाला दोष देऊन भागणार नाही. या घरांनी मुलग्यांना प्रार्थना दिली, वाचन दिलं, गाणं दिलं. पळी दिली नाही. वसईच्या बायकांनी डोक्यावर टोपल्या घेऊन बाजार केले, पहाटेच्या गाडीने भाजी-फुलं मुंबईला नेली आणि परत येऊन चूलही पेटवली. जपमाळेला सगळे एकत्र बसत, पण ती संपल्यावर उठून ताटं घ्यायला मुलगी जाई, मुलगा चटईवरच लोळे. वेदीवर फादरांच्या हाती पाणी देणारा, घंटा वाजवणारा वेदीसेवक पूर्वी फक्त मुलगाच असे. १९९४ साली रोमने मुलींनाही ती सेवा करायला मोकळीक दिली आणि आज अनेक चर्चमध्ये मुलीही वेदीवर दिसतात. मुलींना वेदीपर्यंत जायला परवानगी मिळाली. मुलग्यांना स्वयंपाकघरात जायला परवानगीची गरज कधीच नव्हती. तरी ते गेले नाहीत, कारण कुणी पाठवलं नाही.

अपवाद एकच आणि तो नाताळचा. डिसेंबरच्या मध्यावर कुलकुल हा गोड पदार्थ करायला बसतात. मैदा-रव्याचं, नारळाच्या दुधात भिजवलेलं पीठ. त्याच्या चिंचोक्याएवढ्या गोळ्या. प्रत्येकाच्या हातात एक काटा, नाहीतर खास यासाठी आणलेला कोरा कंगवा. गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेकडून गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळकटी तयार होते. अंगठा जोरात पडला तर पीठ काट्यात अडकतं, हलका पडला तर रेघा उमटत नाहीत. ईस्ट इंडियन घरात, गोव्यात, वसईत या कामाला कितीही हात असले तरी हवेच असतात, म्हणून मुलग्यांनाही बसवलं जातं. मग कुणाच्या रेघा चांगल्या यावरून चढाओढ, परातीच्या कडेला आपापल्या ढिगांची हद्द, कच्च्या पिठाची चोरी. तासाभरात दहा वर्षांच्या मुलाचा अंगठा सराईत होतो. म्हणजे हात चांगलाच चालतो. जानेवारी लागला की तोच हात पुन्हा कधी कणकेला लागत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी मुलामुलींना विवाहपूर्व शिबिर करावं लागतं. संवाद, पैसा, मुलं, घरकामाची वाटणी, सगळ्यावर तिथे बोललं जातं. उपक्रम चांगला आहे. पण सत्ताविसाव्या वर्षी दोन-तीन दिवसांत वाटणी ऐकणाऱ्या मुलाने तोपर्यंत वीस वर्षं आयतं ताट पाहिलेलं असतं. हे शिबिर घरातच, सातव्या वर्षी, एक दशक त्याच्या वाट्याला येतं त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. चर्चनेही प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत आईबापांच्या बैठका घेताना हे उघडपणे सांगायला काय हरकत आहे? मुलाला कुठल्या प्रार्थना येतात हे विचारतात, तसं घरातलं कुठलं काम त्याच्याकडे आहे हेही विचारावं.

वसईतल्या काही घरांत हे लोकलच्या वेळापत्रकानेच घडवून आणलं आहे. आईबाप आठला पोचणार. साडेसहाला क्लासवरून येणारा सातवी-आठवीतला मुलगा घरात पहिला. डाळ-तांदूळ सकाळी मोजून ठेवलेले असतात. तो कुकर लावतो, आजीला चहा देतो, धाकट्याला पुस्तकं काढायला लावतो. घंटा झाली की दोघं आजीशेजारी बसतात आणि थोरला पहिलं दशक सुरू करतो. तिसऱ्या शिट्टीला तो उठून गॅस बंद करून येतो, तेवढ्यापुरतं धाकटा म्हणायचं काम पुढे चालवतो.

अशा घरांतले मुलगे अजून मोठे व्हायचे आहेत. ते कसे नवरे होतात, कसे बाप होतात, हे पंधरा-वीस वर्षांनी कळेल. त्यांच्या आया मात्र आत्ताच सांगायला लागल्या आहेत की भात कधीकधी करपतो, आणि कुणी ओरडत नाही.